इंटेल लॅपटॉपवर एआरएम६४ चं लिनक्स बांधून क्यूएमूमध्ये बूट करणं: पॅनिक कुठे येतं आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे: उबुंटू असलेला साधा इंटेल लॅपटॉप. त्यावर ६४ बिट एआरएमसाठी लिनक्स कर्नेल आणि बिझीबॉक्सची (नेहमीच्या लिनक्स कमांड एकाच प्रोग्रॅममध्ये देणारं साधन) छोटी रूट फाइलसिस्टिम क्रॉस-कंपाइल केली, म्हणजे एका सीपीयूवर बसून दुसऱ्यासाठी बांधली, तिचं इनिटरामएफएस (बूट होताना मेमरीत उलगडणारी फाइलसिस्टिम) बनवून क्यूएमूला, म्हणजे दुसऱ्या सीपीयूचं यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभं करणाऱ्या प्रोग्रॅमला, दिलं. कर्नेल बनलं, बूटही सुरू झालं, पण शेवटी 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' असं पॅनिक येतं, म्हणजे कर्नेल हात टेकून थांबतं. शिवाय हे सगळं सोडून सरळ बिल्डरूट (हे सगळं आपोआप बांधून देणारं साधन) वापरावं का, असाही उपप्रश्न आहे.

आधी निदान. ही ओळ वाचून बहुतेक जण डिस्कच्या मागे लागतात. डिस्कचा इथे संबंधच नाही. (०,०) म्हणजे मेजर शून्य, मायनर शून्य: रूट म्हणून माउंट करण्याजोगं कुठलंही उपकरण कर्नेलच्या हाती लागलेलं नाही. ते साहजिक आहे, कारण तुम्ही डिस्क दिलेलीच नाही. खरा प्रश्न हा की इनिटरामएफएस दिलेलं असताना कर्नेल डिस्क शोधायला गेलं का. त्याचा नियम असा आहे: सीपीआयओ संग्रह (इनिटरामएफएसच्या फाइली एकत्र बांधलेली फाइल) मेमरीत उलगडायचा आणि मुळाशी /इनिट नावाची फाइल आहे का ते बघायचं. असली तर ती चालवायची आणि रूट शोधण्याचं काम तिच्यावर सोडायचं. नसली तर जुन्या वाटेने, म्हणजे 'रूट=' मध्ये सांगितलेल्या उपकरणाकडे जायचं. तुमचं कर्नेल त्या जुन्या वाटेने गेलंय, म्हणजे त्याला /इनिट दिसलेली नाही.

ती न दिसण्याची दोन कारणं सर्रास आढळतात. एक, संग्रह बाहेरच्या डिरेक्टरीतून बनवला, त्यामुळे फाइलचा पत्ता 'रूटएफएस/इनिट' असा झाला. दोन, सीपीआयओला स्वरूप सांगितलं नाही, त्यामुळे त्याने आपलं जुनं बायनरी स्वरूप वापरलं आणि कर्नेलला ते उलगडता आलं नाही. दुसऱ्या बाबतीत लॉगमध्ये बरंच वर 'इनिटरामएफएस अनपॅकिंग फेल्ड' अशी एक ओळ येऊन गेलेली असते. पॅनिकची ओळ ही फक्त शेवटची ओळ असते, मूळ कारण जवळपास नेहमी तिच्या वर कुठेतरी सापडतं. संग्रह लॉगशिवायही तपासता येतो. जीझिपने उघडून 'सीपीआयओ -आयटी' ला दिला की यादी दिसते. त्यात नुसतं 'इनिट' दिसलं पाहिजे, नावाआधी कुठलीही डिरेक्टरी नको.

आता सगळा रस्ता पहिल्यापासून सांगतो, कारण या कामात एका वेळी एकच थर चढवला तर चूक लगेच पकडता येते आणि सगळं एकदम जोडलं तर कुठला थर बिघडला तेच कळत नाही. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच त्या रोमन अक्षरांत द्यायच्या.

साहित्य. डेबियन किंवा उबुंटूवर हे पॅकेज लागतात: जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-जीएनयू, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, सीपीआयओ, फेकरूट आणि क्यूएमू-सिस्टिम-एआरएम. शेवटच्या पॅकेजच्या नावात ६४ नसलं तरी 'क्यूएमू-सिस्टिम-एआर्च६४' त्यातच येतं. एआर्च६४ मध्ये सुरुवातीला दोन 'ए' आहेत. डिस्कवर १० जीबी मोकळी ठेवा. विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) करत असाल तर कर्नेलचा सोर्स लिनक्सच्या होम डिरेक्टरीतच उलगडा, /एमएनटी/सी खाली नको. कर्नेलच्या नेटफिल्टर विभागात अशा फाइलजोड्या आहेत ज्यांच्या नावात फरक फक्त मोठ्या आणि लहान अक्षरांचा आहे. विंडोजच्या ड्राइव्हवर त्यातली एक दुसरीवर लिहिली जाते आणि कंपाइल अशा जागी तुटतं जिथून मूळ कारणाचा अंदाजही येत नाही. मॅकच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवरही हेच होतं.

कर्नेल. ६.१२ ही दीर्घ आधाराची मालिका घ्या. दोन चलं महत्त्वाची आहेत, आर्च आणि क्रॉस_कंपाइल (डेफकॉन्फिग म्हणजे कर्नेलसोबत येणारी पर्यायांची तयार मांडणी):

मेक आर्च=एआरएम६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- डेफकॉन्फिग

मेक आर्च=एआरएम६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- -जे८ इमेज

इथे दोन नावांची गल्लत होते. कर्नेलच्या सोर्समध्ये या आर्किटेक्चरचं नाव 'एआरएम६४' आहे, कारण तशी डिरेक्टरी आहे. कंपाइलरच्या नावात मात्र 'एआर्च६४' आहे, कारण जीएनयूच्या जगात ते नाव ठरलंय. क्रॉस_कंपाइल हा एक उपसर्ग आहे, मेक त्याला 'जीसीसी', 'एलडी', 'ऑब्जकॉपी' असे शब्द जसेच्या तसे चिकटवतं. म्हणून शेवटचा हायफन हवाच. तो सुटला तर '…जीएनयूजीसीसी' नावाचा प्रोग्रॅम शोधला जातो आणि सापडत नाही.

क्रॉस_कंपाइल विसरलात तर लगेच कळतं: इंटेलचा जीसीसी '-एमलिटल-एंडियन' हा पर्याय ओळखत नाही म्हणून तक्रार करतो. आर्च विसरणं जास्त घातक, कारण त्यात एरर येत नाही. डेफकॉन्फिग बरोबर चालवलं आणि नंतर मेनूकॉन्फिग (पर्याय निवडण्याचा मेनू) नुसतंच 'मेक मेनूकॉन्फिग' म्हणून उघडलं, तर ते होस्टच्या, म्हणजे लॅपटॉपच्या, आर्किटेक्चरचे पर्याय दाखवतं, सेव्ह करताना .कॉन्फिग फाइल इंटेलसाठी पुन्हा लिहितं आणि एआरएमचे सगळे पर्याय गळतात. म्हणून दोन्ही चलं त्या टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. फक्त त्याच टर्मिनलमध्ये. बॅशआरसीमध्ये कायमची घातलीत तर महिन्याभराने होस्टसाठी एखादं मॉड्यूल बांधताना तीच चलं आडवी येतील.

चार कोअरच्या लॅपटॉपवर डेफकॉन्फिगला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, कारण त्यात जगातल्या बहुतेक एआरएम६४ बोर्डांचे ड्रायव्हर आहेत. 'इमेज' हे टार्गेट स्पष्ट दिलं की मॉड्यूल्स बनत नाहीत आणि वेळ बराच वाचतो. क्यूएमूच्या व्हर्ट मशीनला लागणारं सगळं, म्हणजे पीएल०११ सिरियल, व्हर्टआयओ ब्लॉक, व्हर्टआयओ नेट (क्यूएमूची आभासी डिस्क आणि नेटवर्क) आणि ईएक्सटी४, या डेफकॉन्फिगमध्ये कर्नेलच्या आतच असतं. तयार फाइल आर्च/एआरएम६४/बूट/इमेज इथे मिळते.

आता इनिटरामएफएस न बनवता, फक्त कर्नेल घेऊन बूट करा:

क्यूएमू-सिस्टिम-एआर्च६४ -मशीन व्हर्ट -सीपीयू कॉर्टेक्स-ए५७ -एम ५१२ -नोग्राफिक -कर्नेल इमेज -अपेंड "कन्सोल=टीटीवायएएमए०"

यात कर्नेलचा लॉग वाहून शेवटी तुमचंच ते (०,०) पॅनिक यायला हवं. या टप्प्यावर ते पॅनिक म्हणजे यश आहे. टूलचेन (कंपाइलर, लिंकर वगैरे साधनं), कर्नेल, सीपीयूची निवड आणि कन्सोल, हे सगळं बरोबर असल्याचा तो पुरावा आहे. इथून पुढे काही बिघडलं तर दोष रूट फाइलसिस्टिमकडेच. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर चार शक्यतांमध्ये चाचपडत बसतात. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. कंट्रोल-सी पाहुण्या, म्हणजे क्यूएमूच्या आत चालणाऱ्या, सिस्टिमला जातं, क्यूएमूला नाही.

कमांडमधली एकेक गोष्ट का आहे तेही बघा. क्यूएमूला एआरएमसाठी ठरलेलं मशीन नाही. इंटेलचा पीसी म्हणजे एक ओळखीचा ढाचा असतो, एआरएममध्ये प्रत्येक बोर्डाचा नकाशा वेगळा, त्यामुळे मशीन सांगितलंच पाहिजे. व्हर्ट हे प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेलं, केवळ एम्युलेशनसाठी आखलेलं मशीन आहे. त्याची डिव्हाइस ट्री, म्हणजे मशीनमधल्या उपकरणांचा नकाशा, क्यूएमू स्वतः तयार करून कर्नेलला देतं, त्यामुळे -डीटीबी (त्या नकाशाची फाइल) देण्याची गरज नाही. रास्पबेरी पायच्या डीटीबी फाइली इथे देऊ नका, मशीन एक आणि नकाशा दुसऱ्याचा असं होईल. क्यूएमू काय देतंय हे पाहायचं असेल तर '-मशीन व्हर्ट,डंपडीटीबी=व्हर्ट.डीटीबी' असं चालवा आणि ती फाइल डीटीसीने वाचा. सिरियल पोर्टचा पत्ता आणि रॅमची सुरुवात त्यात स्पष्ट दिसते.

सीपीयूचा पर्याय सर्वांत फसवा आहे. व्हर्ट मशीनचा मूळ सीपीयू कॉर्टेक्स-ए१५ आहे आणि तो ३२ बिट आहे, तुम्ही ६४ वालं क्यूएमू चालवलं तरीही. त्यावर ६४ बिट कर्नेल दिलं तर स्क्रीन कोरी राहते, एक अक्षरही उमटत नाही. 'काहीच दिसत नाही' या तक्रारीत सर्वांत आधी हेच तपासा. मेमरीचा मूळ आकडा १२८ एमबी आहे. डेफकॉन्फिगची इमेजच ३० ते ५० एमबीची होते, त्यात इनिटरामएफएस उलगडायचं, म्हणून ५१२. सीपीयू आणि मेमरी बरोबर असूनही शांतता असेल तर अपेंडमध्ये 'अर्लीकॉन' हा एक शब्द वाढवा, खरा सिरियल ड्रायव्हर येण्याआधीचे संदेश दिसू लागतात.

'-एनेबल-केव्हीएम' जोडून वेग वाढवता येईल का, हे पुढे सगळे विचारतात. इंटेल होस्टवर नाही. केव्हीएम तोच सीपीयू पाहुण्याला वापरायला देतं. इथे सूचनाच वेगळ्या आहेत, त्यांचं भाषांतर क्यूएमूचा टीसीजी हा भाग करतो आणि ते हळूच असणार. '-एसएमपी ४' ने थोडा फायदा होतो, कारण इंटेलवर एआरएम चालवताना क्यूएमू प्रत्येक पाहुण्या सीपीयूला स्वतंत्र थ्रेड देतं.

बिझीबॉक्स. डेफकॉन्फिग, मग सेटिंग्जमध्ये जाऊन 'बिल्ड स्टॅटिक बायनरी' हा पर्याय चालू करा, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्या आतच जोडल्या जातील. मेनूकॉन्फिग एनकर्सेस सापडत नाही म्हणत असेल आणि ती लायब्ररी बसवलेली असेल, तर तुमचा होस्ट जीसीसी १४ किंवा नवा आहे. बिझीबॉक्सची तपासणीची जुनी स्क्रिप्ट त्याच्या कडक नियमांत बसत नाही. .कॉन्फिग फाइल एडिटरने उघडून 'कॉन्फिग_स्टॅटिक' ची ओळ हाताने '=वाय' करा, काम होतं. बांधताना कर्नेलसारखंच क्रॉस_कंपाइल द्या, मग 'मेक इन्स्टॉल'. सगळं _इन्स्टॉल नावाच्या डिरेक्टरीत येतं.

१.३६ मालिकेचं बिझीबॉक्स आणि ६.८ किंवा त्यानंतरचे कर्नेल हेडर असे एकत्र आले की नेटवर्किंगमधल्या टीसी.सी या फाइलवर कंपाइल थांबतं, सीबीक्यूशी संबंधित नावं सापडत नाहीत म्हणून. कारण असं की सीबीक्यू ही वाहतूक-नियंत्रणाची जुनी पद्धत कर्नेलमधून काढली आणि ६.८ मध्ये तिच्या व्याख्या हेडरमधूनही गेल्या. उबुंटू २४.०४ चे हेडर नेमके ६.८ चे आहेत, म्हणून हा एरर इतका दिसतो. हे हेडर क्रॉस-टूलचेनसोबत आलेले असतात. तुम्ही कंपाइल करत असलेलं कर्नेल जुनं घेतलं म्हणून काही बदलत नाही. 'कॉन्फिग_टीसी' बंद करा, या कामात टीसीची (वाहतूक-नियंत्रणाच्या कमांडची) गरज नाही.

बांधून झालं की पुढे जाण्याआधी 'फाइल _इन्स्टॉल/बिन/बिझीबॉक्स' चालवा. उत्तरात 'एआरएम एआर्च६४' आणि 'स्टॅटिकली लिंक्ड' हे दोन्ही शब्द हवेत. क्रॉस-कंपायलिंगमध्ये फाइल कमांड हे रोजचं हत्यार आहे, शंका आली की पहिली तीच. आधी एकदा होस्टसाठी बांधून मग क्रॉस_कंपाइल देऊन पुन्हा मेक केलं असेल तर जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहू शकतात आणि लिंकर 'रिलोकेशन्स इन जेनेरिक एल्फ (ईएम: ६२)' असं म्हणतो. तो आकडा ईएलएफ फाइलमधला मशीन क्रमांक आहे: ६२ म्हणजे इंटेल-एएमडी ६४ बिट, १८३ म्हणजे एआर्च६४, ४० म्हणजे ३२ बिट एआरएम, २४३ म्हणजे रिस्क-फाइव्ह. ६२ दिसला की समजायचं, मिश्रणात होस्टची फाइल शिरली आहे. 'मेक क्लीन' करा आणि पुन्हा बांधा.

लिंक करताना 'गेटॲडरइन्फो' आणि 'गेटपीडब्ल्यूनॅम' बद्दल इशारे येतील. त्याकडे आत्ता दुर्लक्ष चालेल, पण अर्थ माहीत असू द्या: जीलिबसी (नेहमीची सी लायब्ररी) स्टॅटिक जोडली तरी नावांवरून पत्ते शोधण्याचं काम ती चालू असताना वेगळ्या शेअर्ड लायब्ररींकडून करून घेते. त्या लायब्ररी तुमच्या फाइलसिस्टिममध्ये नाहीत, त्यामुळे पुढे आयपी पत्त्याने जोडणी होईल आणि नावाने होणार नाही. हे टाळायचं असेल तर मसल या पर्यायी सी लायब्ररीची टूलचेन वापरा, छोट्या स्टॅटिक सिस्टिमसाठी मी तीच सुचवीन.

आता इनिट. _इन्स्टॉलची प्रत रूटएफएस नावाने काढा, त्यात प्रॉक, सिस, डेव्ह, टीएमपी अशा रिकाम्या डिरेक्टरी करा आणि मुळाशी 'इनिट' नावाची स्क्रिप्ट लिहा. पहिली ओळ /बिन/एसएच कडे बोट दाखवणारी शेबँग ('#!' ने सुरू होणारी ओळ). मग तीन माउंट: प्रॉक प्रकार /प्रॉकवर, सिसएफएस /सिसवर, डेव्हटीएमपीएफएस /डेव्हवर. शेवटची ओळ:

एक्झेक सेटसिड सीटीटीवायहॅक /बिन/एसएच

डेव्हटीएमपीएफएस हाताने माउंट करावं लागतं, कर्नेलमध्ये 'डेव्हटीएमपीएफएस_माउंट' चालू असलं तरी. तो पर्याय कर्नेल स्वतः खरी रूट माउंट करतं तेव्हाच लागू होतो, इनिटरामएफएसला नाही. सेटसिड आणि सीटीटीवायहॅक नसतील तर शेल 'जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ' म्हणतं आणि कंट्रोल-सी चालत नाही, कारण /डेव्ह/कन्सोल हे नियंत्रक टर्मिनल होऊ शकत नाही. सीटीटीवायहॅक खरा सिरियल पोर्ट शोधून शेलला देतं. एक्झेकही मुद्दाम आहे, त्यामुळे शेल स्वतः प्रोसेस क्रमांक १ होतं. म्हणून त्यातून 'एक्झिट' केलं तर 'अटेम्प्टेड टू किल इनिट' असं पॅनिक येणार. तो बिघाड नाही, प्रोसेस १ मेली की कर्नेलला पुढे जाता येत नाही. बंद करण्यासाठी 'पॉवरऑफ -एफ' वापरा. नुसतं पॉवरऑफ प्रोसेस १ ला सिग्नल पाठवतं, तो झेलणारं बिझीबॉक्सचं इनिट इथे नाही, त्यामुळे काहीच घडत नाही.

स्क्रिप्टला 'सीएचमॉड +एक्स' करा आणि संग्रह डिरेक्टरीच्या आत शिरूनच बनवा:

सीडी रूटएफएस

फाइंड . | सीपीआयओ -ओ -एच न्यूसी -आर रूट:रूट | जीझिप > ../रूटएफएस.सीपीआयओ.जीझेड

यात '-एच' आणि '-आर' मधलं एच आणि आर मोठ्या लिपीतले. न्यूसी हे कर्नेलला समजणारं स्वरूप. '-आर' मुळे फाइलींची मालकी रूट वापरकर्त्याकडे जाते, नाहीतर आत सगळ्या फाइली तुमच्या होस्टवरच्या १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या दिसतात. लॉगइन वगैरे जोडल्यावर ते त्रासदायक होतं.

क्यूएमूच्या आधीच्या कमांडला '-इनिटआरडी रूटएफएस.सीपीआयओ.जीझेड' जोडा. शेलचा प्रॉम्प्ट आला तर झालं. नाही आला, पण 'फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट (एरर …)' अशी ओळ दिसली, तर तो एरर क्रमांक नेमकं कारण सांगतो. -१३ म्हणजे चालवण्याची परवानगी नाही, सीएचमॉड राहिलं. -८ म्हणजे या आर्किटेक्चरची फाइल नाही, इंटेलचं बिझीबॉक्स आत गेलं. शेबँगची ओळच नसली तरीही हाच क्रमांक. -२ म्हणजे 'फाइल नाही', आणि इथे लोक गोंधळतात, कारण इनिट तर समोर दिसत असते. नसते ती इनिट चालवणारी फाइल: शेबँगमधलं /बिन/एसएच, किंवा डायनॅमिक प्रोग्रॅम असेल तर त्याचा लोडर, एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१. स्क्रिप्ट विंडोजच्या एडिटरमध्ये लिहिली असेल तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न असतं आणि कर्नेल त्या अदृश्य अक्षरासकट '/बिन/एसएच' शोधतं. निकाल तोच, -२. 'डॉसटूयुनिक्स' चालवा. अपेंडमध्ये 'इनिट=' लिहून इनिटरामएफएसमधली फाइल बदलता येत नाही हेही लक्षात असू द्या, तिथे 'आरडीइनिट=' लागतं.

इतकं झालं की डिस्ककडे वळा. रूट परवानगी किंवा लूप माउंट न वापरता ईएक्सटी४ प्रतिमा बनते:

फेकरूट एमकेई२एफएस -टी ईएक्सटी४ -डी रूटएफएस रूटएफएस.ईएक्सटी४ २५६एम

'-डी' डिरेक्टरीतलं सगळं आत भरतं, फेकरूट मालकीचा प्रश्न सोडवतं. आतल्या सगळ्या फाइली रूटच्या दिसतात. क्यूएमूला '-ड्राइव्ह फाइल=रूटएफएस.ईएक्सटी४,फॉरमॅट=रॉ,इफ=व्हर्टआयओ' द्या, -इनिटआरडी काढा आणि अपेंडमध्ये 'रूट=/डेव्ह/व्हीडीए आरडब्ल्यू इनिट=/इनिट' लिहा. फॉरमॅट=रॉ गाळलंत तर क्यूएमू इशारा देऊन डिस्कच्या पहिल्या ब्लॉकवर लिहिणं रोखतं. आता पॅनिक आलं तर कंसातले आकडे बघा. पुन्हा (०,०) असेल तर उपकरण सापडलं नाही: व्हर्टआयओ ब्लॉक ड्रायव्हर कर्नेलमध्ये नाही किंवा मॉड्यूल म्हणून बाहेर राहिला. पहिला आकडा शून्य नसेल, उदाहरणार्थ (२५४,०), तर डिस्क दिसली पण त्यावरची फाइलसिस्टिम ओळखता आली नाही. एकात ड्रायव्हर शोधायचा, दुसऱ्यात ईएक्सटी४ किंवा ती प्रतिमाच तपासायची.

नेटवर्कला '-नेटडेव्ह युजर,आयडी=एन०,होस्टएफडब्ल्यूडी=टीसीपी::२२२२-:२२ -डिव्हाइस व्हर्टआयओ-नेट-पीसीआय,नेटडेव्ह=एन०' पुरे. पाहुण्याला १०.०.२.१५ मिळतो, गेटवे १०.०.२.२ आणि डीएनएस १०.०.२.३. बिझीबॉक्सचं यूडीएचसीपीसी (नेटवर्ककडून पत्ता मागणारा प्रोग्रॅम) लीज मिळाल्याचं सांगतं, पण 'आयपी ॲडर' मध्ये पत्ता दिसत नाही, हा ठरलेला अनुभव. यूडीएचसीपीसी फक्त वाटाघाटी करतं. पत्ता लावण्याचं काम /यूएसआर/शेअर/यूडीएचसीपीसी/डिफॉल्ट.स्क्रिप्ट करते आणि मेक इन्स्टॉल ती टाकत नाही. बिझीबॉक्सच्या सोर्समध्ये एक्झाम्पल्स/यूडीएचसीपी/सिंपल.स्क्रिप्ट आहे, ती त्या नावाने ठेवा आणि चालवण्याजोगी करा. बाहेर पिंग लागत नाही म्हणून नेटवर्क बंद आहे असं समजू नका. या युजर पद्धतीत आयसीएमपी सहसा बाहेर जात नाही, डब्ल्यूगेटने तपासा.

पुढची पायरी म्हणजे इतरांचे प्रोग्रॅम क्रॉस-कंपाइल करणं, आणि खरी मेहनत तिथे आहे. ऑटोटूल्सच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला (बांधण्याआधी यंत्रणा तपासणारी) '--होस्ट=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू' द्यायचं, '--टार्गेट' नाही. इथे 'होस्ट' म्हणजे प्रोग्रॅम जिथे चालणार ते यंत्र, तुमचा लॅपटॉप नाही. टार्गेट फक्त कंपाइलरसारख्या, स्वतःच कोड निर्माण करणाऱ्या प्रोग्रॅमला लागतं. पण नुसतं होस्ट पुरत नाही, '--बिल्ड=एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू' हेही द्या. फक्त होस्ट दिलं तर कॉन्फिगर 'कदाचित क्रॉस' असं मानतं आणि एक चाचणी प्रोग्रॅम चालवून बघतं. तुमच्या लॅपटॉपवर क्यूएमू-युजर-स्टॅटिक बसवलेलं असेल तर बिनएफएमटी_मिस्कमुळे (परक्या बायनरी क्यूएमूकडे सोपवणारी कर्नेलची सोय) तो एआरएम प्रोग्रॅम इंटेलवर खरोखर चालतो, कॉन्फिगरचा समज होतो की हे क्रॉस नाहीच, आणि ते लॅपटॉपवरच्या गोष्टी तपासून निष्कर्ष काढू लागतं. तीच स्क्रिप्ट एका लॅपटॉपवर चालते आणि दुसऱ्यावर नाही, याचं कारण अनेकदा इथे असतं.

चालवून बघण्याच्या चाचण्या क्रॉसमध्ये करता येत नाहीत, तेव्हा कॉन्फिगर सावध उत्तर गृहीत धरतं. 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू आरपीएल_मॅलॉक' हे त्याचंच फळ. कॉन्फिगरआधी 'एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस' हे चल ठेवा. पीकेजी-कॉन्फिगच्या (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं साधन) बाबतीत 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' पुरेसं नाही, ते होस्टच्या मार्गांत भर घालतं. 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडीर' त्यांच्या जागी येतं, तेच हवं, सोबत 'पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डीर'. कंपाइल होताना कमांडमध्ये नुसतं '-आय/यूएसआर/इन्क्लूड' दिसलं तर थांबा. होस्टचे हेडर शिरले आहेत आणि कंपाइल यशस्वी झालं तरी त्या बायनरीवर भरवसा ठेवता येणार नाही.

डायनॅमिक प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात हे होस्टच्या एलडीडीला कळत नाही, ते 'नॉट अ डायनॅमिक एक्झिक्यूटेबल' म्हणून मोकळं होतं. 'एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-रीडएल्फ -डी' वापरा आणि 'नीडेड' च्या ओळी बघा. लोडरचं नाव '-एल' (लहान लिपीतला) ने कळतं. त्या फाइली /यूएसआर/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू/लिब मधून घ्या, म्हणजे ज्या टूलचेनने बांधलं तिच्याकडूनच. इंटरनेटवरून उतरवलेल्या दुसऱ्या डिस्ट्रोच्या लायब्ररी मिसळल्या की 'जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड' सारखे एरर सुरू होतात. एकच प्रोग्रॅम तपासायला दर वेळी सगळं बूट करू नका: 'क्यूएमू-एआर्च६४ -एल /यूएसआर/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू ./प्रोग्रॅम' (इथला एल मोठ्या लिपीतला) हे काही क्षणांत उत्तर देतं.

स्क्रिप्टमधून वारंवार बूट करून तपासायचं असेल तर अपेंडमध्ये 'पॅनिक=-१' आणि क्यूएमूला '-नो-रीबूट' द्या. पॅनिक आलं की क्यूएमू लगेच बंद होतं आणि स्क्रिप्ट अडकून राहत नाही. कर्नेलच्या आत शिरायचं असेल तर '-एस' दोनदा, एक लहान आणि एक मोठं, अपेंडमध्ये 'नोकेएएसएलआर', आणि दुसऱ्या टर्मिनलवर जीडीबी-मल्टिआर्चने व्हीएमलिनक्स उघडून 'टार्गेट रिमोट :१२३४'. नोकेएएसएलआर राहिलं तर कर्नेल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर बसतं आणि तुमचे ब्रेकपॉइंट कधीच लागत नाहीत. त्याआधी कर्नेल डीबग माहितीसह बांधलेलं हवं.

आता बिल्डरूट. वरचं सगळं एकदा हाताने चाललं की जरूर वापरा, त्याआधी नको. बिल्डरूटमध्ये 'मेक क्यूएमू_एआर्च६४_व्हर्ट_डेफकॉन्फिग' आणि 'मेक' एवढ्याने टूलचेन, कर्नेल, बिझीबॉक्स आणि डिस्क प्रतिमा तयार होते, आणि आउटपुट/इमेजेसमध्ये क्यूएमू सुरू करणारी स्टार्ट-क्यूएमू.एसएच ही स्क्रिप्टही मिळते. पाच-दहा पॅकेजं जोडायची असतील तर हाताने करण्यात अर्थ नाही, वर सांगितलेले कॉन्फिगरचे सगळे खाचखळगे त्यांनी पॅकेजनिहाय आधीच बुजवून ठेवलेत. पण त्याचं बूट अडकलं तर समोर तेच (०,०) किंवा -८ येतं, आणि ते वाचता येण्यासाठी आधीची मेहनत हवी. नेमका कुठला जीसीसी आणि कुठली सी लायब्ररी हवी हे ठरवायचं असेल आणि बाकीची सिस्टिम नको असेल तर क्रॉसटूल-एनजी हे फक्त टूलचेन बांधतं.

बिल्डरूट चालवताना आउटपुट डिरेक्टरी नंतर हलवू नका, टूलचेनमध्ये पूर्ण पत्ते कोरलेले असतात. मेनूकॉन्फिगमध्ये आर्किटेक्चर किंवा टूलचेन बदलली तर आधी 'मेक क्लीन', कारण काय काय पुन्हा बांधायचं याचा हिशोब ते आपणहून ठेवत नाही. रूट वापरकर्ता म्हणून चालवायची गरज नाही आणि तसं चालवूही नका. डब्ल्यूएसएलवर ते सुरुवातीलाच 'युअर पाथ कंटेन्स स्पेसेस' म्हणून थांबतं, कारण विंडोज स्वतःचे 'प्रोग्रॅम फाइल्स' सारखे मार्ग लिनक्सच्या पाथ चलात घालतं. त्या टर्मिनलपुरता पाथ '/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन:/यूएसआर/एसबिन:/एसबिन' एवढाच ठेवा आणि मेक पुन्हा चालवा.